दारव्हा तालुक्यातील गुरुजींकडे पत्रिका दाखवताना

यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंद रेल्वेमार्गालगत, दारव्हा तालुक्यातील एका गावात पत्रिका पाहणारे एक वयोवृद्ध गुरुजी आहेत. त्यांनी दारावर पाटी लावलेली नाही आणि आपली जाहिरात होऊ नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून नाव-गाव लिहीत नाही. त्या बाजूला सोयरीक असणाऱ्यांना ते विचारून सहज कळेल. माझ्या पुतणीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हापासून वहिनींबरोबर माझे तेथे जाणे होत आहे. फलज्योतिषावर माझा विश्वास बेताचाच आहे. तरीही पत्रिका मांडणे व ती वाचून दाखवणे हे एक काम आहे आणि ते नीटपणे होते की उरकले जाते हे बाजूला बसून पाहणाऱ्यालाही कळते, एवढ्याच अधिकाराने हे लिहीत आहे.

तेथे जाण्यापूर्वी वहिनींनी शहरातील एका केंद्रातून संगणकावरची पत्रिका काढून आणली होती. जाड कागदाची चाळीसेक पाने, मुखपृष्ठावर गणपती, आत रंगीत चक्रे आणि प्रत्येक ग्रहाखाली परिच्छेदच्या परिच्छेद फलादेश असे ते बाड होते. मिथुन लग्न (म्हणजे जन्माच्या वेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास मिथुन), आठव्या स्थानी मंगळ, म्हणून मुलगी कडक मंगळाची, असा निकाल त्या केंद्रात दहा मिनिटांत लागला आणि त्यापाठोपाठ कुंभविवाहाचा व पोवळ्याच्या अंगठीचा खर्चही सांगण्यात आला. मुलीच्या आईला आठवा मंगळ म्हटल्यावर काय वाटते हे विदर्भातच काय, महाराष्ट्रात कोठेही सांगावे लागत नाही. वहिनी त्या दिवशी घरी येऊन जेवल्या नाहीत.

गुरुजींनी ते बाड हातात घेतले, पहिले पान उघडले आणि फलादेशाकडे न वळता जन्मस्थळाच्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, "पोरगी मुंबईले झाली काय?" खरोखरच तेथे मुंबई असे छापलेले होते. आमचे गाव त्या केंद्राच्या यादीत सापडले नसावे आणि चालकाने वरचेच नाव निवडून पुढचे बटण दाबले असावे. आम्ही कोणीही ते पान वाचले नव्हते.

या एका रकान्याने काय फरक पडतो हे त्यांनी ज्या पद्धतीने समजावले, तो या साऱ्या अनुभवातील मला सर्वांत आवडलेला भाग आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची आहे. दारव्ह्याचा रेखांश पावणेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास, मुंबईचा त्र्याहत्तरच्या किंचित अलीकडे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आमची स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे एकोणीस मिनिटे मागे असते, तर मुंबईची सुमारे अडतीस मिनिटे. म्हणजे घड्याळात एकच वेळ दिसत असली तरी आमच्याकडचे आकाश मुंबईच्या जवळजवळ वीस मिनिटे पुढे गेलेले असते. पूर्व क्षितिजावर उगवणारी रास साधारणतः दोन तासांनी बदलते, लग्नाचा एक अंश चार-साडेचार मिनिटांत सरकतो, आणि त्यामुळे वीस मिनिटांची चूक लग्नात चार-पाच अंशांची होते. लग्न राशीच्या मध्यावर असेल तर या चुकीने रास बदलत नाही. पुतणीचे लग्न मात्र नेमके दोन राशींच्या उंबरठ्यावर होते.

तिचा जन्म १९९८ सालच्या भोगीचा, दिवेलागणीच्या वेळचा. दवाखान्याची चिठ्ठी कधीच हरवलेली. वहिनींची आठवण अशी की, आमच्या अरुंद मार्गावरची शकुंतला गाडी गेली, घरात दिवे लागले आणि मग मुलगी झाली. त्यावर गुरुजी मनापासून हसले. "शकुंतलेवर लग्न नाई काढता येत माय, ते कधी आली अन् कधी गेली याची नोंद टेसनमास्तरापाशीबी नसंल," असे म्हणून त्यांनी दुसरा पुरावा मागितला. आमच्या वडिलांच्या कापसाच्या हिशेबाच्या वहीत, वेचणीच्या मजुरीच्या आकड्यांखाली, "सायं. ६-१०, कन्या" एवढीच नोंद निघाली. तीही त्यांनी लगेच उचलली नाही. घड्याळ कोणाचे होते, ते पुढे लावलेले असायचे का, नोंद त्याच रात्रीची की बारशाच्या वेळची, असे त्यांनी खोदून खोदून विचारले. आमच्या घरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे असायचे हे मलाच आठवले, आणि ती पाच मिनिटे त्यांनी बाजूला लिहून ठेवली.

त्यानंतर त्यांनी सारणी उघडण्याआधी कागदावर दोन रेघा ओढल्या. सूर्य मावळत असताना त्याच्या बरोबर समोरची रास उगवत असते. भोगीला सूर्य धनु राशीच्या अखेरच्या अंशांत असतो, दुसऱ्या दिवशी तो मकरेत जातो म्हणून तर संक्रांत. तेव्हा भोगीच्या सूर्यास्ताला मिथुनेचे शेवटचे अंश उगवतात आणि त्यानंतर थोड्याच वेळात कर्क लागते. आमच्याकडे त्या दिवसांत सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो, मुंबईत सव्वासहा उलटून गेल्यावर. दिवे लागल्यानंतरचा जन्म म्हणजे आमच्या गावी कर्क लग्न, आणि घड्याळातील पाच मिनिटे वजा केली तरीही कर्कच. मुंबई धरली तर सहा दहाला सूर्य अजून मावळलेलाच नाही आणि लग्न मिथुन येते. वहिनींची दिव्यांची आठवण, जी केंद्रात कोणी विचारलीच नव्हती, ती येथे कामास आली. एवढे झाल्यावर त्यांनी सारणीवरून लग्नाचे अंश काढले आणि शेवटी नातवाच्या मोबाइलवर ताळा करून पाहिला. सूर्यास्त आणि समोरची रास हे कोणीही शाळकरी भूगोलाच्या आधारे तपासू शकेल, आणि पत्रिकेच्या व्यवसायात असे तपासता येणारे फार थोडे असते म्हणून मी त्यावर एवढे रेंगाळलो.

अयनांशाविषयीही, म्हणजे राशिचक्राची सुरुवात आकाशात कोठून मोजायची याविषयीही, त्यांनी आपणहून सांगितले. ते चित्रापक्ष मानतात, म्हणजे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ सालच्या अहवालात ज्याचा आधार घेतला तोच. टिळक पंचांग रैवतपक्षाचे असल्याने त्यातील ग्रहांचे अंश सुमारे चारांनी वेगळे येतात, त्यामुळे तुमच्या घरी ते पंचांग असेल तर माझ्या आकड्यांशी भांडू नका, असा त्यांचा इशारा होता. पंचांगकर्त्यांतच चार अंशांचा वाद असताना कर्केच्या दोन-तीन अंशांवर एखाद्या मुलीचा विवाह तोलायचा का, हा प्रश्न मी तेथे विचारला. "इचारनं बरोबर हाय, पन मग पत्रिकाच नोका पाहू," असे उत्तर मिळाले, आणि ते मला पटले.

लग्न बदलताच मंगळ आठव्यातून सातव्यात आला. त्या काळी मंगळ मकरेत, म्हणजे आपल्या उच्च राशीत होता आणि परम उच्चांश जो अठ्ठावीसावा, त्याच्या अगदी जवळ होता. मिथुन लग्नाला मंगळ सहाव्या व अकराव्या स्थानाचा स्वामी, आणि तो आठव्यात म्हटल्यावर पारंपरिक वाचन वाईटच होते. कर्क लग्नाला तोच मंगळ पाचव्या व दहाव्याचा स्वामी असल्याने योगकारक, म्हणजे शुभफल देणारा ठरतो, आणि सातव्या या केंद्रस्थानी उच्चीचा असल्यामुळे त्याचा रुचक हा शुभ योग होतो. ज्या ग्रहासाठी एका ठिकाणी मातीच्या घटाशी लग्न लावायला सांगितले, तोच ग्रह येथे पत्रिकेतील सर्वांत बळकट ग्रह झाला. गुरुजींनी मात्र मंगळ पुसून टाकला नाही. सातवा मंगळ हा मंगळच, तो उच्चीचा असल्याने परिहार, म्हणजे दोष सौम्य करणारा अपवाद, सांगितलेला आहे, पण स्वभावाचा करारीपणा राहणार, असे ते म्हणाले. पुतणी यवतमाळला बँकेत आहे आणि वसुलीचे काम बघते, त्यामुळे करारीपणाविषयी आमच्यात मतभेद नव्हता.

येथे माझे एक मत नोंदवतो. आपल्याकडे पहिले, चौथे, सातवे, आठवे व बारावे ही पाच स्थाने मंगळाची मानतात. बारांपैकी पाच म्हटल्यावर नुसत्या लग्नावरूनच शंभरातील चाळिसाहून अधिक माणसे मंगळाची निघायला हवीत, आणि चंद्रावरूनही मोजले तर त्यात आणखी भर पडते. एवढ्या लोकांची लग्ने अडून चालणार नाही म्हणून मग परिहारांची यादी वाढत गेली असावी. केंद्रवाल्यांचा धंदा दोषावर चालतो आणि गुरुजींची पत परिहारावर टिकते, एवढा माझा संशय. गुरुजी परिहाराचे पैसे घेत नाहीत, हा फरक मात्र मोठा आहे.

दशांचे, म्हणजे आयुष्यातील एकेका ग्रहाच्या कालखंडांचे, वाचन त्यांनी सविस्तर केले. चंद्र कर्केत, पुष्य नक्षत्री, म्हणून जन्मतः शनीची महादशा. तिची उरलेली सुमारे अकरा वर्षे संपल्यावर बुधाची सतरा. ती आता २०२६ च्या आसपास सरत असून पुढे केतूची सात वर्षे येतात. पुढचे सांगण्याआधी ते मागचे ताडून बघतात. शनीची दशा संपली त्या सुमारास काही बदल झाला का, असे त्यांनी विचारले. पुतणी तेव्हा पाचवीसाठी यवतमाळच्या वसतिगृहात गेली होती, हे वहिनींनी सांगताच मान हलवून त्यांनी वहीत खूण केली. हा भाग मला कच्चा वाटतो. अकराव्या वर्षी आमच्या भागातील निम्मी मुले गावची शाळा सोडून कोठे ना कोठे जातात, ती काही सगळी पुष्य नक्षत्राची नसतात. शिवाय अर्धी माहिती वहिनीच देत होत्या. गुरुजी ती मुद्दाम काढून घेत होते असे मी म्हणणार नाही, पण मिळालेली माहिती पुढच्या वाक्यात ग्रहाच्या तोंडून परत येत होती हे बाजूला बसलेल्याला स्पष्ट दिसते.

लग्नाविषयी त्यांचे म्हणणे असे की, सातव्यात मंगळाबरोबर वक्री (उलट चालणारा) व अस्तंगत (सूर्याजवळ असल्याने न दिसणारा) शुक्र आहे, त्यामुळे विवाहाला उशीर. मुलगी अठ्ठावीस वर्षांची झाल्यावर हे सांगण्यास शुक्राची गरज नव्हती. येत्या जूनमध्ये गुरू कर्केत येतो, लग्नस्थानातून त्याची पूर्ण दृष्टी सातव्यावर पडते, म्हणून जून ते ऑक्टोबर २०२६ हा काळ त्यांनी अनुकूल सांगितला आणि नाहीच जमले तर त्यानंतरचे वर्षही वाईट नाही अशी पुस्ती जोडली. दीड वर्षाच्या या ऐसपैस अंदाजात शास्त्र किती आणि व्यवहार किती हे ज्याने त्याने ठरवावे. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली पुण्यात जी चाचणी घेतली, तिच्यात २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून हुशार मुले कोणती व मतिमंद मुले कोणती हे सांगायचे होते; सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून येतात त्याहून जास्त नाहीच. मी हे गुरुजींना सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. त्या चाचणीतील जन्मवेळा कोणी तपासल्या होत्या, एवढेच त्यांनी विचारले. जन्मवेळेवर त्यांचा जीव किती आहे हे त्यावरून कळते, पण चाचणीला ते उत्तर पुरेसे नाही.

ओसरीवर थांबावे लागते, आणि ते थांबणे लांबते. आधी वेळ ठरवून मिळत नाही. सुनेकडे नाव सांगायचे आणि सतरंजीवर बसायचे. तूर निघण्याच्या दिवसांत गर्दी कमी, लग्नसराईच्या आधी भरपूर. बसल्या बसल्या इतरांचे प्रश्न कानावर पडतात, कारण मधले दार बंद होत नाही, आणि ही या सेवेतील मोठी उणीव आहे. सुनेच्या बाळंतपणापासून भावकीच्या वाटणीपर्यंत सर्व काही ओसरीला ऐकू जाते. एका शेतकऱ्याने सोयाबीन आता विकावे की दिवाळीनंतर, असे विचारले. गुरुजींनी बाजारभाव पत्रिकेत नसतो असे सांगून त्याला परत पाठवले. त्यावर ओसरीवरच्या मंडळींत भेंडवळच्या घटमांडणीचा विषय निघाला. जळगाव जामोद तालुक्यातील त्या गावी अक्षय तृतीयेला संध्याकाळी वावरात धान्याचे घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांवरून पीकपाण्याचे अंदाज सांगतात, ही आमच्याकडे दरवर्षी वर्तमानपत्रात येणारी बातमी. गुरुजींनी आतूनच सांगितले की, तो वेगळा कारभार आहे, माझा नाही. नाही म्हणता येणे हा गुण मी या व्यवसायात फार थोड्यांकडे पाहिला आहे.

गुणमेलनाच्या बाबतीत मात्र माझा त्यांच्याशी खटका उडाला. भरणी नक्षत्राच्या एका मुलाचे स्थळ आले होते. मुलगा कृषी खात्यात, घर माहितीतले, आणि मुलीलाही तो पसंत होता. छत्तिसांपैकी अठराच्या वर गुण भरत होते, भकूटाचे (दोघांच्या राशींच्या परस्पर स्थानाचे) सातही मिळत होते. परंतु नक्षत्रांच्या ज्या तीन नाडी मानतात त्यांपैकी भरणी आणि पुष्य दोन्ही मध्य नाडीची, म्हणजे एकनाड, आणि नाडीच्या आठांपैकी शून्य. गुरुजींनी आपण होकार देणार नाही असे स्पष्ट सांगितले. राशी वेगळ्या असल्या तर काही जण हा दोष सौम्य मानतात, हे मी वाचून गेलो होतो. ते त्यांनी ऐकून घेतले आणि मानले नाही. मंगळासाठी एवढा उदार असलेला माणूस नाडीपाशी दगडासारखा का होतो, हे मला उलगडले नाही. त्याच बैठकीत ते पुढे म्हणाले, "नाडी तं मी पायतो, पन दोघायचीबी सिकलसेलची तपासनी करून घ्या, ते मले नाई दिसत." विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार किती घरांत आहे हे आरोग्य केंद्रात गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे सांगणारा ज्योतिषी मला दुसरा भेटलेला नाही. आम्ही तपासणी करून घेतली, दोघांचेही अहवाल निर्दोष आले. तरीही मुलाकडची मंडळी एकनाडीवरून मागे सरली, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट खटकली. पत्रिका पुतणीची, ती समोर बसलेली, परंतु गुरुजी सगळे वहिनींना सांगत होते. तिने नोकरी बदलण्याविषयी विचारले तेव्हा "ते सासरी गेल्यावर ठरंल" असे मोघम उत्तर मिळाले, तेही आईकडे बघून. दहाव्याचा स्वामी उच्चीचा आहे असे अर्ध्या तासापूर्वी त्यांनीच सांगितले होते, मग त्यावर दोन वाक्ये बोलायला काय हरकत होती? नोकरदार मुलींनी तेथे जायचे असेल तर प्रश्न लिहून न्यावेत आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नये, असे मी सुचवीन. पुतणीने पुढच्या खेपेला तसेच केले, आणि मग त्यांनी जरा सरसावून बसून तिच्याशी नीट बोलायला सुरुवात केली.

उपाय म्हणून त्यांनी शनिवारी मारुतीला जाणे आणि घरातील वडीलधाऱ्यांशी तोंड सांभाळून बोलणे एवढेच सांगितले. खडा नाही, यंत्र नाही, ग्रहशांत नाही. पत्रिका वाचण्याची दक्षिणा तीनशे एक रुपये, हाताने नवी मांडून द्यायची असेल तर पाचशे एक. आमची पाने तांबड्या शाईत, कोपऱ्यांना कुंकू लावलेली, अक्षर मोत्यासारखे. मात्र त्यांत लग्नकुंडली, राशिकुंडली, नवमांश व दशांचे कोष्टक एवढेच असते. फलादेश ते तोंडीच सांगतात, लिहून देत नाहीत आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करू देत नाहीत. त्यामुळे घरी आल्यावर वहिनींना एक आठवते, मला दुसरे, आणि पुतणीला तिसरेच. लेखी नसल्याने पुढे पडताळाही घेता येत नाही, आणि ते मुद्दाम तसे ठेवले आहे की केवळ जुनी सवय आहे, याबद्दल आमच्या घरात दोन मते आहेत.

ज्यांना जुन्या किंवा संगणकी पत्रिकेतील लग्न तपासून घ्यायचे आहे, विशेषतः मंगळाच्या भीतीने ज्यांचे पुढचे पाऊल अडले आहे, त्यांनी जरूर जावे. नेमकी तारीख, नोकरीतील बढती किंवा कोर्टाच्या निकालाची अपेक्षा ठेवून जाणाऱ्यांचा दिवस मोडेल. जाताना जन्माची जी मिळेल ती नोंद बरोबर न्यावी. दवाखान्याची चिठ्ठी नसेल तर घरातील जुनी वही, आणि त्या वेळी घरात असलेले एखादे वडील माणूस. अमावास्येला आणि पितृपक्षात ते पत्रिका पाहत नाहीत. फोनवरून तर कधीच सांगत नाहीत, पुण्याहून कोणी कितीही गळ घातली तरी. दारव्ह्याहून सकाळच्या बसने गेल्यास दहाच्या आत नाव लागते. त्यानंतर पोचणाऱ्यांनी डबा सोबत न्यावा, गावात खानावळ नाही.